चीजकेकची कुळकथा

रोमचा सेनानी आणि सेनेटर मार्कस पोर्शियस केटो हा गोडधोडाचा भोक्ता म्हणून इतिहासांत प्रसिद्ध नाहीं. इ. स. पूर्वीं २३४ सालीं जन्मलेल्या व १४९ सालीं वारलेल्या ह्या कर्मठ पुरुषानें आपल्या आयुष्याचीं अखेरचीं वर्षें, कार्थेज नगरीचा समूळ नाश झाला पाहिजे, हें एकच पालुपद आळवण्यांत घालविलीं. ग्रीकांच्या चैनीला तो नांवें ठेवी, रोमन स्त्रियांच्या अलंकारांना विरोध करी, आणि म्हातारा झालेला बैल व म्हातारा झालेला गुलाम दोघांनाहि विकून टाकावें, असा हिशेबी सल्ला देई. अशा माणसानें इ. स. पूर्व १६०च्या सुमारास शेतीवर एक पुस्तक लिहिलें. लॅटिन गद्याचा आज संपूर्ण उपलब्ध असलेला हा सर्वांत जुना ग्रंथ होय. द्राक्षवेलींची छाटणी, ऑलिव्हचें तेल, गुरांचीं औषधें असे रुक्ष विषय चालले असतां हा ग्रंथकार मध्येंच चुलीपाशीं जाऊन बसतो आणि ताज्या चीजचे केक कसे करावे हें सांगूं लागतो!

त्यानें सांगितलेल्या कृतींपैकीं एकीचें नांव साव्हिलुम. अर्धा रोमन पौंड पीठ, अडीच पौंड चीज, पाव पौंड मध आणि एक अंडें एवढेंच सामान. हें सर्व नीट कालवून तेल लावलेल्या मातीच्या भांड्यांत घालावयाचें, वर मातीचें झांकण ठेवून भाजावयाचें, भाजल्यावर वरून मध माखून खसखस भुरभुरावयाची, पुन्हां थोडा वेळ झांकणाखालीं ठेवावयाचें, आणि मग त्याच भांड्यांत चमचा ठेवून पानावर न्यावयाचें. एक इशारा मात्र केटोनें आवर्जून दिला आहे. भांड्याचा मध्यभाग जेथें सर्वांत खोल असतो तेथें पदार्थ नीट शिजला आहे कीं नाहीं, हें पाहावें, असें तो बजावतो. ज्यानें कोणीं घरीं एकदां तरी चीजकेक भाजला असेल त्याला ह्या इशाऱ्याचें मर्म सांगावयास नको.

ह्या कृतींतील प्रमाण तोलून पाहण्यासारखें आहे. रोमन पौंड सुमारें ३२७ ग्रॅमचा. म्हणजे केटोचें चीज ८२० ग्रॅमच्या आसपास भरतें. आज न्यूयॉर्कच्या धर्तीचा चीजकेक घरीं करावयास निघालेली गृहिणी जें क्रीम चीज घेते तें बहुधा २ इंग्रजी पौंड, म्हणजे ९०० ग्रॅम असतें. बावीसशे वर्षांच्या काळांत जेमतेम मूठभर चीज वाढलें! परंतु ह्या साम्यानें फसून जातां कामा नये. केटोच्या भांड्यांत अंडें एकच आहे आणि पीठ दीडशे ग्रॅमहून अधिक आहे. त्याचा केक जड, भरड, भाकरीच्या जातीचा असणार. आजच्या केकांत अंडीं चार किंवा पांच, पीठ नांवालाच, आणि चीज असें कीं ज्याचा एक तृतीयांश भाग निव्वळ स्निग्धांश असतो. तो केक भाकरीचा भाऊबंद नव्हे. तो खरवसाच्या जातीचा, अंड्यांनीं बांधलेला घट्ट रस आहे. नांव तेंच राहिलें, पण वस्तु बदलली.

केटोच्या घरीं हा केक करीत कोण, ह्याचेंहि उत्तर त्याच ग्रंथांत सांपडतें. शेतावरच्या कारभारणीचीं कामें सांगतांना तो चूल रोज झाडून स्वच्छ ठेवण्याचें व स्वयंपाक तयार ठेवण्याचें काम तिच्याकडे देतो. ही कारभारीण स्वतः गुलाम असे. कृति केटोच्या नांवावर चालत आली. चीज खलांत कुटून मऊ करणारे हात कोणाचे होते तें लिहून ठेवण्याची कोणाला गरज वाटली नाहीं. ह्या पदार्थाच्या पुढच्या इतिहासांतहि हाच प्रकार पुन्हां भेटतो.

केटोच्या पूर्वींहि ग्रीक लोक चीज व मध घालून केक करीत, ह्यांत शंका नाहीं. इजिप्तमधील नॉक्रॅटिस गांवच्या अथेनिअस नांवाच्या लेखकानें इ. स. २००च्या सुमारास एका मेजवानीच्या संवादाच्या रूपानें जो प्रचंड ग्रंथ रचला, त्यांत अशा केकांची लांबलचक जंत्री आहे. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथसंग्रहाची सूचि तयार करणाऱ्या कॅलिमॅकसनें केक करण्याच्या विद्येवर लिहिणाऱ्या चार ग्रंथकारांची नोंद केली होती, असें अथेनिअस सांगतो. त्या चौघांत एजिमिअस हा एक. त्यांचे ग्रंथ मात्र काळाच्या उदरांत गडप झाले. एवढ्या आधारावर कित्येक पाकपुस्तकें, इ. स. पूर्व ७७६च्या पहिल्या ऑलिंपिक सामन्यांत मल्लांना व धावपटूंना चीजकेक खाऊं घालीत, असें बिनदिक्कत छापून मोकळीं होतात. त्या काळचा असा एकहि लेख उपलब्ध नाहीं. मल्लांच्या आहारांत चीज असे असें जुने लेखक सांगतात. पण चीज खाणें निराळें आणि चीजकेक खाणें निराळें. पदार्थ आवडता झाला कीं त्याला एखादी तालेवार वंशावळ चिकटवून देण्याची हौस सर्वच देशांत दिसते. ही त्यांतलीच एक.

खरें पाहतां ह्या केकाला मोठ्या वंशावळीची जरूर नाहीं. त्याचें मूळ दुधाच्या नासण्यांत आहे. गाय, शेळी किंवा मेंढी व्याली कीं दोन-तीन महिने दुधाचा पूर येतो, आणि उन्हाळ्यांत तें दूध दिवसभरहि धड टिकत नाहीं. दूध फाडून किंवा विरजून त्याचें पाणी काढलें म्हणजे तें आणखी कांहीं दिवस टिकतें. मीठ घालून, दाबून, महिनोन्‌महिने मुरवलें तर टिकाऊ चीज होतें. पण त्याला तळघर हवें, मीठ हवें, आणि थांबण्याची ऐपत हवी. ज्यांच्यापाशीं हीं नाहींत त्यांना ताजा चोथा लगेच संपवावा लागतो. त्यांत मध आणि अंडें घालून तो विस्तवावर धरला कीं पदार्थ दोन दिवस अधिक टिकतो आणि सणहि साजरा होतो. आपल्याकडे दह्याचें पाणी निथळून चक्का करतात आणि त्याचें श्रीखंड होतें, तें ह्याच अडचणीचें विस्तवावांचून दिलेलें उत्तर आहे. ओडिशांत, विशेषतः नयागढच्या भागांत, विस्तवाचें उत्तर दिलें गेलें. छेना, साखर व थोडा रवा कालवून, सालाच्या पानांत गुंडाळून, मंद आंचेवर पुष्कळ वेळ भाजलेला छेनापोड म्हणजे शब्दशः जळका छेना. केटोनेंहि लिबुम नांवाचा आपला दुसरा केक पानांवर ठेवून तापलेल्या चुलाणावर भाजावयास सांगितला आहे. ह्यावरून ओडिशाच्या हलवायांनीं रोमकडून विद्या घेतली असा तर्क कोणीं लढवूं नये. चूल, पान आणि दुधाचा चोथा हीं तीन एका ठिकाणीं आलीं कीं ही युक्ति कोणालाहि सुचण्यासारखी आहे.

युरोपांत ज्या प्रदेशाचा चोथा जसा, तसा तेथला केक झाला. इटलींत चीज केल्यावर उरलेल्या पाण्यापासून पुन्हां काढलेल्या रिकोटाचा, जर्मनींत क्वार्कचा, पोलंडांत त्वारोगचा. रशियांत ईस्टरच्या सणाला त्व्होरोग, लोणी व साखर एकत्र करून मनोऱ्यासारख्या सांच्यांत दाबून पास्खा करतात. तो बहुधा भाजीतहि नाहींत. त्यापूर्वींचे कित्येक आठवडे उपवासाचे. त्या काळांत दूधदुभतें वर्ज्य असतें आणि गाई तर दूध देतच असतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे पास्खांत एवढें चीज व लोणी कोठून येतें तें कळतें. पूर्व युरोपांतील ज्यू लोकांत शावुओत सणाला दुधाचे पदार्थ करण्याची रीत आहे. हा सण मे-जूनच्या सुमारास येतो. त्या रीतीचीं धार्मिक कारणें पंडित अनेक सांगतात. तीं सर्व खरीं मानलीं तरी तो हंगाम दुधाच्या भरतीचा असतो, हेंहि तितकेंच खरें.

इंग्लंडचा भाग थोडक्यांत सांगण्यासारखा आहे. दुसऱ्या रिचर्ड राजाच्या मुदपाकखान्यांतील आचाऱ्यांनीं १३९०च्या सुमारास जो कृतिसंग्रह तयार केला त्यांत साम्बोकेड नांवाचा प्रकार आहे. पिठाच्या कवचांत निथळून गाळलेला दुधाचा चोथा, साखर, अंड्याचा पांढरा बलक, एल्डरचीं फुलें व गुलाबपाणी घालून तो भाजीत. सोळाव्या शतकांत छापलेल्या एका पाकपुस्तकांत तर कठीण चीज तीन तास दुधांत किंवा पाण्यांत भिजवून, कुटून, सहा अंड्यांच्या पिवळ्या बलकांसह गाळून घेण्यास सांगितलें आहे. पुढें अठराव्या शतकांत गंमत अशी झाली कीं, लिंबू किंवा बदाम घातलेल्या, चीजचा कणहि नसलेल्या लहान पुऱ्यांनाहि इंग्लंडांत चीजकेक म्हणूं लागले. नांव टिकलें आणि चीजच गळालें!

आजचा मऊ, लोण्यासारखा, सुरीनें कापला असतां गुळगुळीत कापला जाणारा चीजकेक जन्मला तो अमेरिकेंत. आणि त्याच्या जन्माची कथा स्वयंपाकघरांत नव्हे, तर एका रेल्वे स्टेशनावर सुरू होते. न्यूयॉर्क शहराच्या वायव्येस ऑरेंज परगण्यांत चेस्टर नांवाचें गांव आहे. १८४१-४२च्या सुमारास ईरी रेल्वे त्या भागांत पोंचली, आणि चेस्टरचे गवळी आपलें दूध आगगाडीनें शहरांत पाठवूं लागले. तोंवर शहराला दूध मिळे तें बव्हंशीं शहरांतल्याच गोठ्यांतून. त्या गोठ्यांचें वर्णन वाचवत नाहीं. दारूच्या भट्ट्यांना लागून कोंदट पडव्या असत. त्यांत शेंकडों गाई जागच्या जागीं बांधून भट्टीची ऊन आंबोण त्यांना पाजीत. गाई रोगट होत, त्यांच्या शेपट्या झडत, आणि त्यांचें निळसर पातळ दूध खडू वगैरे घालून पांढरें करून, खेड्यांतलें शुद्ध दूध अशी पाटी लावलेल्या गाड्यांतून घरोघर विकलें जाई. शहरांत तान्हीं मुलें मोठ्या संख्येनें दगावत होतीं. फ्रँक लेस्ली ह्या प्रकाशकाच्या सचित्र साप्ताहिकानें १८५८ सालीं ह्या गोठ्यांचीं चित्रें छापून तो सारा प्रकार चव्हाट्यावर आणला, तेव्हां कोठें लोकांचे डोळे उघडले. पुढें सरकी चाळणी लागली, कायदे झाले. परंतु लोकांच्या मनांत एक गोष्ट कायमची ठसली. दूध, लोणी किंवा चीज कोणत्या गांवाहून आलें हें विचारल्यावांचून तें घ्यावयाचें नाहीं. गांवाच्या नांवाला बाजारांत किंमत आली ती ह्या भीतीमुळें.

ह्याच चेस्टर गांवीं विल्यम लॉरेन्स नांवाचा एक दुग्धव्यावसायिक होता. तो फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतांतील नफशातेल जातीचें मऊ चीज तयार करीत असे. १८७०नंतरच्या दशकांत त्यानें त्या चीजच्या दुधांत अधिक मलई घालून एक अधिक स्निग्ध चीज काढलें. तें त्याच्या हातून चुकून झालें अशी एक कथा प्रचलित आहे. ती रंजक आहे, पण विश्वास ठेवण्याजोगी नाहीं. मलई महाग असते आणि शहाणा गवळी ती चुकून ओतीत नाहीं. शिवाय क्रीम चीज हें नांव व घरगुती स्वरूपांतील ती वस्तु इंग्लंडांत व पेनसिल्व्हेनियांत त्याच्या कितीतरी पूर्वींपासून माहीत होती. लॉरेन्सचें कर्तृत्व इतकेंच कीं, ती वस्तु रोज, एकसारखी व पुष्कळ प्रमाणांत कारखान्यांत तयार होऊं लागली. तथापि, त्या लहानशा कर्तृत्वावर पुढचा सारा इमला उभा आहे.

१८८० सालीं आल्व्हा रेनॉल्ड्स नांवाच्या न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यानें हें चीज चांदीच्या वर्खासारख्या कागदांत गुंडाळून फिलाडेल्फिया ह्या नांवानें विकावयास आरंभ केला. चीज न्यूयॉर्क संस्थानांतलें, व्यापारी न्यूयॉर्कचा, गिऱ्हाईक न्यूयॉर्कचें, आणि नांव फिलाडेल्फियाचें! कारण फिलाडेल्फियाच्या आसपासचें दूधदुभतें उत्तम असा त्या काळीं लौकिक होता. ज्या शहरांतील लोक गांवाचें नांव वाचून चीज घेऊं लागले होते, त्या शहराला ह्या धूर्त माणसानें हवें तें नांव पुरविलें. पुढें हें नांव एका कंपनीकडून दुसरीकडे गेलें. १९०३ मध्यें तें फीनिक्स चीज कंपनीकडे आलें आणि १९२८ सालीं ती कंपनी क्राफ्ट कंपनींत विलीन झाली. त्या नांवाचें चीज आजहि विकलें जातें, आणि फिलाडेल्फिया शहराशीं त्याचा संबंध आहे असें समजणारे लोक आजहि भेटतात.

चीज तयार झालें, तरी त्याचा केक व्हावयाचा होता. त्यासाठीं माणसें समुद्रापलीकडून आलीं. १८८१ सालीं रशियाच्या साम्राज्यांत ज्यू वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. तेव्हांपासून १९२४ मध्यें अमेरिकेनें आपलीं दारें जवळजवळ बंद करीपर्यंत सुमारें २० लाख ज्यू पूर्व युरोप सोडून त्या देशांत गेले. त्यांतील फार मोठा भाग न्यूयॉर्कच्या चाळींत राहिला. बरोबर नेतां येण्यासारखें त्यांच्यापाशीं फार थोडें होतें. जें होतें त्यांत सणावारीं करावयाच्या केकाची आठवण होती. त्यांच्या धर्मनियमांनुसार मांस आणि दूध एका पंक्तीस चालत नाहीं; म्हणून त्या वस्तींत केवळ दुधाच्या पदार्थांचीं निराळीं उपाहारगृहें निघालीं, आणि दुधाच्या पेढ्या चालविणाऱ्यांतहि ह्याच लोकांचा भरणा झाला. लिथुएनियाहून आलेल्या ब्रेकस्टोन बंधूंची पेढी ही त्यांपैकींच. आरंभीं हा केक पूर्वींच्या पद्धतीनें, कोरड्या भरड चोथ्याचाच होत असे. तो खातांना दाताखालीं कण येत.

भरड चोथ्याच्या जागीं क्रीम चीज पहिल्यानें कोणीं घातलें, ह्यावर न्यूयॉर्कांत पुष्कळ भांडणें झालीं. आर्नोल्ड रूबेन नांवाचा उपाहारगृहाचा मालक तो मान आपला आहे असें म्हणे. हें १९२९च्या सुमारास घडलें असें सांगतात. आख्यायिका अशी कीं, एका घरीं मेजवानीला गेला असतां त्यानें यजमानीणबाईंनीं केलेला चीजचा पाय खाल्ला, तो त्याला फार आवडला, कृति मागून घेऊन त्यानें तीवर प्रयोग केले आणि हा केक सिद्ध झाला. आख्यायिकेंत रूबेनचें नांव आहे, त्याच्या उपाहारगृहाचें नांव आहे. त्या बाईंचें नांव नाहीं. केटोच्या कारभारणीची येथें आठवण व्हावी. ब्रॉडवेवर १९२१ सालीं लिओ लिंडेमन ह्यानें उघडलेल्या लिंडीज ह्या उपाहारगृहाचा केकहि तितकाच गाजला. ह्या उपाहारगृहांत मांस व चीज शेजारीं शेजारीं वाढलें जाई. म्हणजे ज्या नियमामुळें दुधाचीं निराळीं उपाहारगृहें निघालीं तो नियम मागें पडला आणि केक तेवढा पुढें गेला. नटनट्या, पत्रकार, जुगारी असे रात्रीं जागणारे लोक नाटक सुटल्यावर तेथें जमत. १९५० सालीं रंगभूमीवर आलेल्या 'गाइज अँड डॉल्स' ह्या संगीतिकेंत मिंडीज असें नांव थोडें बदलून हेंच स्थळ आलें आहे. तेथें चीजकेक जास्त खपतो कीं श्ट्रूडेल, ह्यावर पैज लावण्याचा एक प्रसंग त्यांत आहे. त्याच वर्षीं ब्रुकलिनमध्यें हॅरी रोझेन ह्यानें ज्युनिअर्स हें उपाहारगृह उघडलें. तेथील केकाचा तळ बिस्किटांचा नसून पातळ स्पंज केकचा असतो. आणि १९४९ मध्यें शिकागोच्या चार्ल्स लुबिन ह्यानें आपल्या मुलीचें, सेरा ली हें नांव देऊन क्रीम चीजचा जो केक विकावयास आणला, तो पुढें गोठवलेल्या स्थितींत देशभर जाऊं लागला. हा केक भट्टी नसलेल्या घरींहि पोंचला. मात्र त्याबरोबर तो घरीं करण्याचें कारणहि कमी झालें.

तरीहि तो घरोघर होऊं लागला, ह्याचें श्रेय दोन यंत्रांना आहे. एक, उष्णता आपोआप राखणारी गॅसची भट्टी. दुसरें, विजेचें शीतकपाट. जनरल इलेक्ट्रिक कंपनीचें, वर गोल यंत्र बसविलेलें शीतकपाट १९२७ मध्यें बाजारांत आलें, आणि त्यापुढच्या वीस-पंचवीस वर्षांत अमेरिकन घरांतून बर्फाची पेटी नाहींशी झाली. हा केक मंद व स्थिर आंचेवर शिजतो आणि थंडाव्यांत घट्ट होतो. ह्या दोहोंपैकीं एकहि गोष्ट पूर्वींच्या चुलीवर हमखास साधणारी नव्हती.

केकाचा तळहि ह्याच काळांत पिठाच्या कवचाऐवजीं बिस्किटांच्या चुऱ्याचा झाला. अमेरिकेंत हीं बिस्किटें ग्रॅहॅम ह्या नांवानें ओळखलीं जातात. सिल्व्हेस्टर ग्रॅहॅम हा १७९४ ते १८५१ ह्या काळांतील एक धर्मोपदेशक. मद्य, मांस, मसाले व चमचमीत खाणें ह्यांनीं मनुष्याच्या वासना भडकतात, सबब कोंड्यासकट दळलेल्या गव्हाची साधी भाकरी खावी, असें तो गांवोगांव सांगत फिरे. त्या संयमी पुरुषाच्या नांवाच्या बिस्किटांचा चुरा करून, त्यांत वितळलेलें लोणी व साखर ओतून, त्यावर दोन पौंड मलईचें चीज रचावें, ह्याहून क्रूर थट्टा इतिहासानें क्वचितच कोणाची केली असेल.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळल्यास तींत हातचलाखी थोडी आणि धीर फार, असें दिसून येतें. ९ इंच व्यासाच्या, कडा सुटी होणाऱ्या भांड्याला सुमारें २०० ग्रॅम बिस्किटांचा चुरा व १०० ग्रॅम लोणी पुरतें. भारतांत गव्हाचीं डायजेस्टिव्ह बिस्किटें ग्रॅहॅमच्या जागीं चालतात. हा थर दाबून दहा मिनिटें भाजून घ्यावा. ९०० ग्रॅम क्रीम चीज शीतकपाटांतून कांहीं तास आधीं बाहेर काढून ठेवावें लागतें. थंड चीज साखरेशीं एकजीव होत नाहीं. त्याच्या गुठळ्या राहतात, आणि त्या मोडण्यासाठीं जोरानें घोटलें तर मिश्रणांत हवा शिरते. ही हवा भट्टींत फुगते, केक दिमाखानें वर येतो, आणि बाहेर काढतांच बसतो व फाटतो. म्हणून चीज व २५० ग्रॅम साखर हलक्या हातानें मऊ होईपर्यंत घोटावी, मग थोडी आंबट साय, लिंबाची किसलेली साल, व्हॅनिला आणि शेवटीं चार-पांच अंडीं एकामागून एक, मिसळतील इतपतच ढवळून घालावीं. अंडीं पडल्यानंतर जो घोटीत बसतो तो आपल्या हातानें केक बिघडवतो.

पुढचा सारा खेळ अंड्यांचा आहे. अंड्यांतील प्रथिनांचे वेटोळे उष्णतेनें उलगडतात, एकमेकांत गुंततात व त्यांचें जाळें तयार होतें. त्या जाळ्यांत पाणी व स्निग्धांश अडकून राहतो, हीच केकाची मऊपणाची स्थिति. उष्णता अधिक झाली तर जाळें आंवळत जातें, पाणी बाहेर पिळून निघतें आणि केक भुसभुशीत, कणीदार होतो. केकाच्या मध्यभागाचें उष्णमान ६५ ते ७० अंश सेंटिग्रेडपर्यंत पोंचलें म्हणजे पुरे. भट्टी मात्र १६० अंशांवर असते. कांठ भांड्याला चिकटलेला, तो आधीं शिजतो, आणि मध्य मागें राहतो. ह्यावर तोड म्हणून भांडें उकळत्या पाण्याच्या परातींत ठेवतात. पाणी १०० अंशांपलीकडे तापूं शकत नाहीं, म्हणून कांठाला आंच लागते ती बेताची. सुट्या कडेच्या भांड्यांत पाणी शिरूं नये म्हणून बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा घट्ट गुंडाळावा. हें विसरलें तर बिस्किटांचा तळ लापशी होतो. न्यूयॉर्कांतील कांहीं उपाहारगृहांची रीत ह्याच्या उलट. पहिलीं दहा-बारा मिनिटें २६० अंशांची कडक भट्टी, म्हणजे माथा तांबूस होतो; मग ९५ अंशांवर तासभर किंवा अधिक. पाण्याची परात तेथें लागत नाहीं. ज्या घरची भट्टी लवकर निवते तेथें ही रीत चांगली साधते. जेथें भट्टी उष्णता धरून ठेवते तेथें परात बरी.

तासाभरानें भांडें हळूच हलवून पाहावें. कांठाकडचा भाग स्थिर आणि मधला तीन-चार इंचांचा भाग निवलेल्या खरवसासारखा थरथरणारा दिसला कीं भट्टी बंद करावी. नवशिक्याची चूक येथेंच होते. तो थरथर थांबण्याची वाट पाहतो, आणि ती थांबेपर्यंत केक हातचा गेलेला असतो. कारण बाहेर काढल्यावरहि आंतील उष्णतेनें शिजणें चालूच असतें. केटोनें मध्य नीट शिजवा असें सांगितलें तें पिठाच्या केकाला योग्य होतें. अंड्यांच्या केकाला तें अर्धेंच लागू पडतें. भट्टीचें दार अर्धवट उघडें ठेवून केक तासभर तेथेंच निवूं द्यावा, भांड्याच्या कडेनें पातळ सुरी फिरवून तो सोडवावा, म्हणजे आक्रसतांना कडेला ओढला जाऊन मध्यें भेग पडत नाहीं. त्यानंतर रात्रभर शीतकपाटांत. थंडीनें चीज व लोण्याचा स्निग्धांश गोठतो तेव्हांच त्याला कापण्याजोगी बांधणी येते. त्याच दिवशीं कापलेला केक रुचीला बरा लागतो, पण सुरीला चिकटतो. सुरी कढत पाण्यांत बुडवून, पुसून, प्रत्येक कापास पुन्हां तसेंच करावें.

घरीं केलेल्या ह्या केकाला घरचा म्हणावें कीं नाहीं, असा प्रश्न कोणीं विचारल्यास तो अगदींच निरर्थक नाहीं. अमेरिकन कायद्याप्रमाणें क्रीम चीजमध्यें निदान ३३ टक्के दुधाचा स्निग्धांश हवा आणि पाणी ५५ टक्क्यांहून अधिक नको. शिवाय तें फुटूं नये म्हणून त्यांत बहुधा झाडांच्या बियांपासून काढलेला डिंक मिसळलेला असतो. केकाचा गुळगुळीतपणा अर्धाअधिक ह्या कारखानदारीचा आहे. घरीं चक्क्यांत मलई घालून तसा केक करतां येतो व तो रुचकरहि होतो. त्याचा कांप मात्र तितका रेशमी येत नाहीं, आणि दह्याची आंबट चव मागें राहते. ज्यांना ती चव आवडते त्यांनीं तोच करावा. जर्मन क्वार्कचा केक त्याच्या जवळचा आहे आणि तो खाणारे न्यूयॉर्कच्या केकाला जड म्हणून नाकें मुरडतात.

ह्या सर्व काळजीला धाब्यावर बसविणारा एक केक स्पेनच्या बास्क प्रांतांत निघाला. सान सेबास्टियन शहरांतील ला विन्या नांवाच्या उपाहारगृहांत सांतियागो रिवेरा ह्यानें १९९०च्या सुमारास तो करावयास आरंभ केला. तळाला बिस्किटें नाहींत, पाण्याची परात नाहीं, मंद आंच नाहीं. कागद लावलेल्या भांड्यांत चीज, साखर, अंडीं, मलई व चिमूटभर पीठ ओतून तें कडक भट्टींत ढकलतात. माथा फुगतो, जवळजवळ काळा होतो, बाहेर काढल्यावर बसतो, सुरकुततो, आणि तशाच स्थितींत तो पानावर येतो. गेल्या कांहीं वर्षांत हा जळका केक जगभर पसरला. मुंबई-पुण्याच्या काउंटरवरहि तो दिसतो, आणि नयागढच्या छेनापोडाला तो पाहून आपला जातभाई भेटल्यासारखें वाटावें. त्याचा मध्य इतका मऊ ठेवतात कीं कापलेला तुकडा ताटलींत किंचित्‌ पसरतो, आणि तो संपविण्यासाठीं केटोनें भांड्याबरोबर ठेवावयास सांगितलेला चमचाच हातीं घ्यावा लागतो.